सात मिनिटं उकळलेलं

मंगळवार, १४ तारीख
सकाळचे अकरा

चिरंजीव सूनबाई,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला जरा जास्तीचे पाठवतोय. पत्र संपेपर्यंत त्यातले किती शिल्लक राहतात बघू.

इकडे सगळं ठीक. मोरीतल्या नळाचा वायसर मी स्वतः बदलला, त्यामुळे आता तो दोन ठिकाणी गळतो. हिच्या काठीला खालून नवं रबर बसवलंय. बोलायला शिकवणाऱ्या बाई वेळेवर येतात. काल त्यांनी चित्रं दाखवली. ही कात्रीला कात्री म्हणाली, बटणाला बटण म्हणाली आणि इस्त्रीला म्हणाली, "तापट." बाई म्हणाल्या, "जवळ आलात." यावर ही माझ्याकडे बघून हसली. चाळीस वर्षांच्या संसारावरचा शेरा इस्त्रीच्या निमित्ताने मिळाला, दुसरं काय!

तुझं पत्र शनिवारी पोचलं, रविवारी वाचलं. माझ्या हट्टापायी तू अजून कागदावर लिहितेस, याचं मला बरं वाटतं. डॉक्टरांच्या अभ्यासातल्या पेशंटांमध्ये आईंची सुधारणा सगळ्यांत ठळक आहे, पुडीचाच गुण असावा, शुक्रवारी पुड्या दिल्याचे तक्ते न्यायला मी स्वतः येते, असं लिहिलंयस. शेवटी दोन उद्गारचिन्हं. तू कधी एकसुद्धा खर्च करत नाहीस.

ती दोन उद्गारचिन्हं मला दोन दिवस टोचतायत. फोन केला असता, पण फोनवर तू "असू द्या हो बाबा" म्हणाली असतीस आणि मी लगेच असू दिलं असतं. म्हणून लिहितो.

आधी हे सांगतो, की मला तुझा संशय होता.

ही ओल्या कपड्यांची बादली घेऊन जिन्यावरून पडली. अकरा दिवस बेशुद्ध, मग छातीत कफ, मग त्या कफावर जहाल औषधं, आणि त्या औषधांनी पोटाचे हाल. घरी आणली तेव्हा तिला माझं नावच काय, पाणी हा शब्दसुद्धा सापडत नव्हता. अशात तू पुड्यांचा खोका घेऊन आलीस. तू इस्पितळाच्या आहार विभागात, अभ्यास त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांचा. माझ्या मनात आलं, पोरीने सासूला बशीत घालून साहेबापुढे ठेवली. त्यात फोन आला की तुझा पहिला प्रश्न, "पुडी दिली का?" आई कशा आहेत, हे दुसरं. मी ते मनात धरून ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला मनात धरायला फार जागा असते.

डॉक्टरांनी मला समजावलं नाही असं नाही. म्हणाले, "आजोबा, पुडीत चांगले जंतू आहेत. जिवंत. औषधांनी आतड्यातली वस्ती उजाड झालीय, ती परत वसवून बघायची. आतडं आणि मेंदू एकमेकांशी बोलत असतात."

मी म्हटलं, "त्यांचं बोलणं राहू द्या, आधी ही माझ्याशी बोलू दे."

ते हसले. मग मी विचारलं, "याने डोकं नक्की बरं होतं का?"

"नक्की माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता? काहींच्या पुडीत जंतू आहेत, काहींच्या पुडीत नुसती पिठी. कुणाला काय मिळतंय, हे शेवटपर्यंत मलाही कळणार नाही."

माणूस खरं बोलत होता, आणि मला नेमकं तेच खटकलं. ज्याला स्वतःला ठाऊक नाही, तो माझ्या बायकोच्या पोटात जिवंत जंतू सोडणार!

तुला माहीतच आहे, मी चौतीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढली. व्हॉल्व्ह फिरवणारा म्हणून लागलो आणि रद्दीतली पुस्तकं वाचून वाचून तपासणीच्या खोलीत पोचलो. रोज सकाळी नमुन्याची बाटली आणि वहीत एकच नोंद: जिवाणू, शून्य. ते शून्य म्हणजे माझी भाकरी आणि माझी अब्रू. अख्खं गाव माझ्या शून्यावर पाणी प्यायचं. आमच्याकडे एक शिस्त होती, शून्य लिहिणाऱ्याने स्वतःचं शून्य तपासायचं नाही. शेजारी दुसऱ्याची सही हवीच. साहेब म्हणायचे, "आपल्या डोळ्याला आपलं शून्य गोलच दिसतं."

पहिले दोन दिवस पुडी सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात दिली. दुसऱ्या दिवशी हिचं पोट फुगलं, रडवेली झाली. सुरुवातीला असं होऊ शकतं, हे तू सांगितलं होतंस. पण बोलता न येणारं माणूस पोट धरून बसलं की सांगितलेलं सगळं वाऱ्यावर जातं.

तिसऱ्या दिवशी पुडी छोट्या पातेल्यात टाकली आणि सात मिनिटं उकळली. घड्याळ लावून. मग गार करून पाजली आणि तक्त्यात "दिली" समोर खूण केली.

तेव्हापासून रोज तेच. दोन महिने.

तू खोक्यासोबत दिलेल्या कागदावर ठळक अक्षरात छापलंय, गरम पाण्यात घालू नये. मी ते वाचलं होतं. चष्मा लावून. मनाशी म्हणायचो, पिठी असेल तर पिठी उकळली, काय बिघडलं? आणि जंतू असतील तर चौतीस वर्षं जे केलं तेच केलं. खूण तरी खोटी कुठे आहे, पुडी दिलीच की! असा मी शहाणा. लोकांवर संशय घेता घेता घरातल्या पातेल्याकडे बघायचं राहून गेलं.

पण एकजण बघत होतं.

ही रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून असायची. मी पेला पुढे केला की तोंड फिरवायची. मला वाटायचं, चव आवडत नाही. रविवारी तुझं पत्र तिला मोठ्याने वाचून दाखवलं. "पुडीचाच गुण असावा" इथे आलो आणि तिने काठीने ओट्यावरच्या पातेल्याला ठोकलं.

"खोटं," म्हणाली.

मी म्हटलं, "काय खोटं?"

तिचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मी मदत करायला गेलो तर हात झटकला. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणाली, "तुम्ही... उकळता."

अगं, तीन महिने मी एका वाक्यासाठी जीव टाकत होतो. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. वाक्य मिळालं आणि तेही माझ्याविरुद्धची साक्ष! मी आधी रडलो आणि मग चोरासारखा पातेलं घासायला लागलो. मागून आवाज आला, "लिहा."

तेव्हा डॉक्टरांना सांग, तिसऱ्या दिवसापासूनच्या माझ्या सगळ्या खुणांवर काट मारा. ही सुधारली ती कशाने, मला माहीत नाही. बाईंच्या चित्रांनी असेल, काळाने असेल, माझ्यावरच्या रागानेही असेल. पण आणखी कुणी घरात डोकं दुखावलेलं माणूस घेऊन बसलं असेल, त्याने माझ्या खोट्या शून्यावर विसंबून पाणी पिऊ नये. तुझा आनंद मी हिरावून घेतोय, याचं वाईट वाटतं. तुझ्या कामावर याने बालंट येत असेल तर हे पत्र जसंच्या तसं पुढे ठेव. चूक माझी आहे, तुझी नाही.

आणि "पुडी दिली का" हे तू आधी का विचारायचीस, तेही आता उमगलं. "आई कशा आहेत" म्हटलं की मी "ठीक" म्हणून फोन ठेवून मोकळा व्हायचो. दोन शब्द मी बोलावेत म्हणून तू पुडी पुढे करायचीस. खरं ना? नसेल तरी मी तसंच समजणार.

उरलेल्या पुड्या फ्रीजमध्ये आहेत. पुढे द्यायच्या की थांबायचं, ते डॉक्टरांनी ठरवावं. द्या म्हणाले तर ही स्वतः कालवून घेईल. काल नुसत्या पाण्यात बोट बुडवून तिने मला कोमट म्हणजे किती ते दाखवलं. शुक्रवारी ये. रागावूनच ये हवं तर, पण ये. आल्यावर विचारायचं ते मला विचारू नकोस, तिला विचार. वेळ लागतो, पण उत्तर मिळतं.

पत्र तिला वाचून दाखवलंय. एक वाक्य खोडायला लावलं, त्यात मी स्वतःची जरा जास्तच बाजू घेतली होती. खालचा शब्द तिच्या हातचा आहे, अक्षर वाकडं आहे म्हणून हसू नकोस.

लिहिणारा,
तुझा सासरा

तपासणारी,
बरोबर