बिनचिपची चावी

मोशी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रीस,
सप्रेम जयभीम.

मी बरा आहे. गुडघा आहे तसाच. गॅलरीतल्या मोगऱ्याला पाणी घालतो, कळी नाही. फोनवर तू "जेवलात का" विचारतेस, मी "हो" म्हणतो आणि तिथेच संपतं, म्हणून कागद घेतला. अक्षर हललंय, सांभाळून घे.

एक गोष्ट तुला न विचारता केली. गाडीची चावी करून घेतली.

लगेच रागावू नकोस, पुढे वाच. माझी चावी तू मारुंजीला घेऊन गेलीस. आईची तिच्या पर्ससोबत त्या दिवशी रस्त्यातच गेली. शोरूमवाल्यांनी सांगितलेला आकडा माझ्या पेन्शनीत बसणारा नव्हता. मग चाकणहून गोरक्ष आला. पूर्वी आमच्या कंपनीत टूलरूमला होता, आता मोटरसायकलवर मशीन बांधून चाव्या करत फिरतो. सहा महिने उभ्या गाडीची बॅटरी मेलेली, त्याने स्वतःची जोडली. कुलपाच्या मापाने पातं कापलं, दार उघडलं. आत चावी फिरवली तर समोर लाल दिवा लुकलुकत राहिला. इंजिन गप्प.

"आण्णा, नुसतं पातं उपेगाचं न्हाई," तो म्हणाला. "चावीच्या पोटात चिप असती. गाडी तिला इचारती, तू आपली का? तिनं व्हय म्हनलं तरच चालू. नवी चिप गाडीला शिकवावी लागंल."

"शिकव की मग. आम्ही शाळेत काय कमी पाठ केलं?"

हसला. मशीन लावलं, पडद्यावरचं वाचलं आणि थांबला. "दुसरी चावी कुठं हाय?"

"लेकीकडं."

"मागवून घ्या. सगळ्या चाव्या संगट लागत्यात. जी हितं न्हाई तिला गाडी इसरनार. ताईच्या चावीनं दार उघडंल, गाडी चालू व्हायची न्हाई."

फोन हातात घेतला होता. लावला नाही.

"राहू दे," मी म्हणालो. "तिची पुसू नकोस."

"आवं, मग ही काय कामाची? दार उघडून आत बसायला?"

"तेवढ्याचसाठी हवी होती."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मशीन आवरलं. पैसे पात्याचेच घेतले.

दुपारी तीनला खाली जाऊन बसतो. डावीकडचं दार नवं बसवलंय, त्याचा रंग बाकीच्या गाडीशी जुळत नाही. सीट मात्र आईने मागे सरकवली होती तशीच आहे. कप्प्यात तिची बडीशेपेची डबी आहे. उघडली नाही.

आता ते लिहितो. राजगुरुनगरहून येताना डोळ्यांवर ऊन आलं, असं मी तुला सांगितलं. पोलिसांनाही तेच. दिवस ऑगस्टचे, आभाळ भरलेलं. ऊन नव्हतंच. तू ते ओळखलं असशील.

मी सातवीतली नदीची कविता म्हणत होतो. तुला ठाऊक आहे, तिसऱ्या कडव्याला मी अडतो आणि आई पुढची ओळ सांगते. चाळीस वर्षं तसंच. अडलो, आणि तिच्याकडे वळून पाहिलं. ती ओळ सांगायला लागली होती. पुढचा टेम्पो थांबलेला मला दिसला नाही.

ओळ अर्धीच ऐकली. जुनं पुस्तक माळ्यावर आहे, काढलं नाही. बायका येऊन रडून गेल्या, मी त्यांना चहा करून दिला. अजून तसंच आहे. डोळ्यांत काही येत नाही.

गाडी विकायची तर विक. नवी बॅटरी घातलीस की तुझ्या चावीने चालू होईल, गाडी तुला विसरलेली नाही. माझ्या चावीने नुसतं दार उघडतं. ते बरंच आहे.

कधी आलीस, तर तू चालव. हे पत्रही मी गाडीतच लिहिलं. डावीकडे बसून.

तुझा,
अण्णा