आईची तीनचाकी

४ फेब्रुवारी
आईने सायकल घेतली. तीनचाकी! मागे जाळीची पेटी, एवढी मोठी की तिच्यात मी बसेन. बाबा गेल्यापासून ही बाई घराबाहेर पडेना, म्हणून मीच पडद्यांच्या दुकानात तिच्यासाठी शिवणकाम शोधलं. बसने जा म्हटलं तर म्हणाली, "बसमध्ये गरगरतं. दोन चाकांवर तोल राहत नाही, तीनवर राहील." दुकान माझ्या चष्म्याच्या कारखान्याच्या वाटेवरच. म्हणजे रोज सोबत – माझी रेसची सायकल आणि शेजारी हा रणगाडा.

५ फेब्रुवारी
सिग्नलला आमची सायकलवाल्यांची टोळी जमते. बारीक चाकवाले जाड चाकवाल्याला 'ट्रॅक्टर' म्हणतात, तो आम्हाला 'काडीपैलवान'. बॅटरीवाल्या काकांशी कुणीच बोलत नाही. पायडल न मारता चढ चढतात, हे पाप! त्यात आज आई. टोळीतला बँकवाला माझ्या कानाशी म्हणाला, "भाजीची गाडी आली बघ." मी हसले. ओळख करून दिली नाही. हिरवा दिवा लागताच सुसाट सुटले.

६ फेब्रुवारी
तेच.

११ फेब्रुवारी
आई आज लवकर निघाली. मी सिग्नलला पोचले तर तिच्या गप्पा रंगलेल्या. बॅटरीवाल्या काकांना म्हणत होती, "गुडघ्याचं ऑपरेशन होऊनही रोज येता? शाबास हो." गुडघ्याचं आम्हाला ठाऊकच नव्हतं. मग बँकवाल्याला – "असे वाकून चालवता, रस्ता दिसतो की नुसतं चाकच?"
मी हळूच म्हटलं, "ही माझी आई."
"माहीत आहे," बँकवाला म्हणाला. "मघाशीच सांगितलं त्यांनी."
तोंड लपवायला हेल्मेट पुरेना.

१९ फेब्रुवारी
चढावर बँकवाला खड्ड्यात आपटला. खांदा दुखावला, पुढचं चाक वाकडं. आम्ही सगळे भोवती उभे, पण सायकल न्यायची कशात? मागून आई आली, घंटी वाजवत, सावकाश. त्याची सायकल पेटीत आडवी टाकली. चढ काही तिला झेपेना. मग काकांनी पुढून बॅटरीच्या जोरावर दोरीने ओढलं, मागून मी आणि 'ट्रॅक्टर' ढकलतोय. खांदा धरून बँकवाला पायी चालला होता. ओशाळून म्हणाला, "काकू, मी याला भाजीची गाडी म्हणालो होतो."
"ऐकलं होतं," आई म्हणाली. "बसा आता कोबी होऊन."
आणि बसला की तो, पेटीत आपल्याच आडव्या सायकलवर! हसून हसून माझा दम गेला. दवाखान्यापर्यंत तशीच वरात.

२ मार्च
टोळी आता आईसाठी थांबते. मीही तिच्या चालीने जाते. कारखान्यात रोज उशीर. चालतंय.

९ मार्च
दुकानाच्या माडीवरची खोली रिकामी झाली आहे. आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "मी तिथे राहायला जाते. बाबा गेल्यावर तू फार खचली होतीस, म्हणून तुझ्याजवळ थांबले. आता राहशील ना गं एकटी?"
मी हो म्हटलं. दोनदा म्हणावं लागलं.