चार दिवसांचं काम

मंगळवार, ५ मार्च

सापडला!

मी शोधत नव्हते. आपल्या पायांनी चालत आला. सकाळी डॉक्टर वरच्या दवाखान्यातून खाली माझ्या तळघरात आले, मी कवळ्या बनवते तिथे. हातात दातांच्या मापाचा ट्रे. एरवी टेबलावर ठेवून निघून जातात, आज रेंगाळले. म्हणाले, "मेणाबाई, जरा जपून हं. हे कुणाचं तोंड आहे माहितेय?"

आणि सांगितलं. भारदस्त! रेडिओवरचा भारदस्त! आमच्या घरात त्याला याच नावाने ओळखायचे. तो बातम्या वाचायला लागला की बाबांचा घास हातात थांबायचा.

वरचे-खालचे सगळे दात गेलेत. पूर्ण कवळी करायची आहे. महिनाअखेरीला रेडिओ केंद्राचा वर्धापनदिन, जुना निवेदक म्हणून सन्मानाने बोलावलंय, थेट प्रक्षेपण. आणि साहेबांच्या तोंडातून आत्ता नुसती हवा येते.

मापात प्लास्टर ओतलं. सुकल्यावर सोडवलं. भारदस्ताचं बोळकं माझ्या तळहातावर! इतकुसं. मुठीत मावेल एवढं. याला मी इतकी वर्षं घाबरत होते?

बुधवार, ६ मार्च

लिहूनच काढते, म्हणजे डोकं थंड होईल. (होणार नाही.)

बाविशीत होते. निवेदिका व्हायचं होतं, दुसरं काही नाही. कंगवा तोंडासमोर धरून आरशात बातम्या वाचायचे. आई म्हणायची, आधी केस तरी विंचर त्याने. आवाजाची चाचणी द्यायला गेले. काचेपलीकडे तिघं, मधे भारदस्त. अर्धं पान वाचलं असेल-नसेल, त्याने हात वर केला. "मुली, तुझा स ऐकलायस का कधी? शिटी वाजते. तू रेल्वेत जा, गार्ड हो. गाडी सोडायला वेगळी शिटी लागणार नाही."

सगळे हसले. चहा घेऊन आलेला माणूससुद्धा हसला, आणि त्याने तर माझं वाचन ऐकलंही नव्हतं!

माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. तेवढंच कारण. म्हणून त्याच आठवड्यात या दवाखान्यात आले, फट बुजवायला. डॉक्टर करवादलेले. त्यांचा कवळ्या करणारा माणूस काम सोडून गेलेला, आणि टेबलावर एक प्लास्टरचा जबडा पडून फुटलेला. माझा नंबर यायला वेळ होता. बसल्या बसल्या मी तुकडे जुळवून ठेवले. डॉक्टरांनी उलटसुलट करून पाहिलं. "कुणी केलं हे? तू? हात चांगला आहे गं तुझा. चार दिवस येशील? दुसरा माणूस मिळेपर्यंत. तुझ्या फटीचं नंतर बघू."

ते नंतर कधी आलंच नाही. चार दिवस अजून चालू आहेत.

तरी मी लाज गुंडाळून एकदा केंद्रावर जाऊन आले होते. दात नीट करून घेतेय, पुन्हा बोलवा, असं सांगून इथला नंबर देऊन आले. घरी फोन नव्हता. मग रोज डॉक्टरांना विचारायचे, फोन आला का? "नाही गं." पुढे पुढे विचारायचीही लाज वाटायला लागली.

म्हणजे मी कोण, काय काम करते, दिवसभर कुठे बसते, हे सगळं त्या एका माणसाच्या जिभेने ठरवलं. आणि आता त्या जिभेभोवतीचे दात मी बसवणार आहे. वा!

शुक्रवार, ८ मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो हसला. त्याला कशाचंही हसूच येतं. म्हणाला, "इतकी वर्षं दात धरून बसलीस? बरोबर आहे म्हणा, दात धरायचं तर तुझं कामच."

त्याचं बरं आहे. तो कारकुनीच्या मुलाखतीला निघालेला, लिफ्टमध्ये अडकला. मुलाखत हुकली. ज्या मिस्त्रीने ओढून बाहेर काढला त्यालाच म्हणाला, हे कसं चालतं ते दाखवा की. तेव्हापासून लिफ्टच दुरुस्त करतोय. प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगतो, प्रत्येक वेळी लिफ्ट एकेक मजला वर चढलेली असते.

"मुलाखत झाली असती तर टेबलामागे बसून पोट सुटलं असतं," म्हणे. पोट तसंही सुटलंय.

पण त्याला कुणी हसलं नव्हतं ना. लिफ्ट काही बोलत नाही. फरक आहे.

सोमवार, ११ मार्च

ठरलं. त्याचा स वाजणार! थेट प्रक्षेपणात, सगळ्यांच्या घराघरात!

कवळी करणाऱ्याच्या हातात काय काय असतं हे लोकांना कळलं तर झोप उडेल. दाढा कागदाच्या जाडीएवढ्या उंच ठेवल्या, की माणूस जन्मभर घास भिजवून गिळत बसतो. आणि स तर आणखी सोपा. वरच्या पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर, दोन्ही बाजूंनी थोडी जाडी वाढवायची. हवेला मधून चिंचोळी वाट उरते. की वाजलाच.

फक्त आधी मेणाची चाचणी असते. दात मेणात बसवून पेशंटच्या तोंडात घालून बघतात. तेव्हा सगळं चोख पाहिजे. मग मेण परत माझ्याकडे येतं, आणि ते वितळवून त्या जागी पक्कं प्लास्टिक भरायच्या आधी माझ्याशिवाय कुणी त्याच्याकडे बघत नाही. मेणाला अंगठा लागायला कितीसा वेळ लागतो!

एकच गोष्ट टोचते. माझी कवळी आजवर कधी तक्रार घेऊन परत आलेली नाही. एकही नाही. ही येईल.

येऊ दे.

शुक्रवार, १५ मार्च

मेणाची चाचणी. डॉक्टरांनी मला वर बोलावलं. "तूही ऐक, तुझा कान तिखट आहे." तोंडाला मास्क लावून कोपऱ्यात उभी राहिले.

म्हातारा झालाय. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, आणि मान आतल्या आत फिरतेय. डॉक्टरांनी मेणातले दात बसवले, म्हणाले, बोला काहीतरी. त्याने घसा साफ केला आणि बातम्यांच्या सुरुवातीचं ते जुनं वाक्य म्हटलं. तोच आवाज! खोलीतली भांडीसुद्धा नीट बसल्यासारखी वाटली. स अगदी स्वच्छ.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरांचा हात धरून म्हणाला, "मला वाटलं होतं, गेला तो कायमचा."

डॉक्टर म्हणाले, "आमच्या मेणाबाईंची करामत." तो माझ्याकडे बघून हात जोडायला लागला. मी मान हलवली. मनात म्हटलं, जोड, जोड. रविवारी ३१ तारखेला मीही जोडीन.

नंतर चहा. डॉक्टर हल्ली बिस्किट चहात पार विरघळवून खातात. एवढा खाण्याचा शौकीन माणूस, आणि डाव्या बाजूने चावतच नाही. विचारलं तर म्हणाले, "वय झालं गं."

शनिवार, १६ मार्च

केलं.

अंगठा दोनदा फिरवला. मेण गरम होतं, लगेच ऐकलं. मग प्लास्टिक भरलं, साच्याची डबी उकळायला लावली. दुपारी जेवताना दोनदा वाढून घेतलं. नवरा म्हणाला, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, भूक लागलीय.

गुरुवार, २१ मार्च

नीट क्रमाने लिहिते.

आज कवळी द्यायची होती. वर गर्दी, डॉक्टर एकाची दाढ काढत होते, म्हणून भारदस्त जिना उतरून थेट खाली. "बघायला आलो माझे दात," बोळक्यातून म्हणाला. माझा मास्क काढलेला. म्हटलं, "बसा सर."

तो बसला नाही. मान तिरकी करून उभा राहिला. पक्षी ऐकावा तसा. "पुन्हा म्हणा."

"काय?"

"तेच. बसा सर."

मी म्हटलं. त्याने डोळे मिटले. "रेल्वे... गार्ड. तुम्हीच ना त्या?"

चेहरा नव्हता आठवत त्याला. स आठवत होता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आता हा पुन्हा हसणार, आणि मी ती कवळी याच्या हातात ठेवणार, असं वाटलं. तर तो स्टुलावर टेकला आणि म्हणाला, "फार फाजील बोललो तेव्हा. चारचौघांत विनोद करायची खोड होती मला. पण बाई, तुम्ही पुन्हा आला का नाहीत?"

"बोलावलं कुणी मला?"

"मी! दोनदा फोन केला. आवाज चांगला होता तुमचा, स तर दुरुस्त होण्यासारखा होता. कुठल्याशा दवाखान्याचा नंबर देऊन गेला होतात. तिथले डॉक्टर म्हणाले, तिला इथे नोकरी लागलीय, आता रेडिओबिडिओत रस नाही. मला वाटलं, पोरगी फणकारली. मग दुसरीला घेतलं."

कुठल्याशा दवाखान्याचा! बिचाऱ्याला माहीतच नाही कुठल्या. त्या फोनच्या बरोबर खाली बसला होता तो.

मी कवळी ओढणीच्या टोकात धरलेली. म्हटलं, "अजून पॉलिश राहिलंय, सर. शनिवारी या."

शुक्रवार, २२ मार्च

विचारलं डॉक्टरला. सरळ.

चहा पीत होता. कपातून मान वर केली नाही. "हो, आला होता फोन. दोनदा आला होता." जणू पाऊस आला होता!

"मला सांगितलं नाहीत?"

"अगं, काय सांगायचं? तिथे कंत्राटावर ठेवतात, आज आहे उद्या नाही. आणि मला तुझ्यासारखा हात दुसरा मिळाला असता का? तुझ्या भल्याचंच केलं मी. बघ ना, कशी बस्तान बसवून बसलीस."

माझ्या भल्याचं! रोज विचारत होते मी त्याला. रोज! तो रोज माझ्या तोंडाकडे बघून "नाही गं" म्हणत होता. आणि फट! ती फट त्याने का नाही बुजवली, तेही आज कळलं. एवढी वर्षं मला वाटायचं, कामाच्या गडबडीत राहून जातंय.

वर म्हणतो कसा, "आता जुनं काय उगाळतेस. बिस्किट घे."

घेतलं. खाल्लं. खाली आले. मला कळत नव्हतं रडावं की वरच्या मजल्याला आग लावावी, म्हणून एका बाईच्या कवळीला पॉलिश करत बसले.

नवऱ्याला सांगितलं. या वेळी हसला नाही. म्हणाला, "सोड ती नोकरी. उद्याच सोड." मी म्हटलं, या वयात कोण मला निवेदिका करणार आहे?

शनिवार, २३ मार्च

सकाळी लवकर जाऊन भारदस्तांची कवळी घासायला घेतली. वाढवलेली जाडी उतरवली. उजवीकडची पूर्ण. डावीकडची... जवळजवळ पूर्ण. एका विनोदापुरती ठेवली. फोन त्यांनी केला होता हे खरं, पण चारचौघांत हसले होते हेही खरंच!

दुपारी येऊन घेऊन गेले. जिन्यात दोनदा "सस्नेह नमस्कार" म्हणून बघितलं, आणि थबकले. मला वाटलं, परत खाली येणार. आले नाहीत.

रविवार, ३१ मार्च

ऐकलं. नवरा आणि मी, दोघं. त्याने आवाज मोठा केला.

तोच भारदस्त आवाज. सगळं कसं स्वच्छ चाललेलं, आणि एका "सस्नेह"वर बारीकशी शिटी वाजलीच. नवऱ्याला कळलंही नाही. पण ते थांबले. थेट प्रक्षेपणात थांबले! मग हसून म्हणाले, "ऐकलीत ना शिटी? एका मुलीला मी एकदा रेल्वेत गार्ड व्हायला सांगितलं होतं. ती नोकरी शेवटी मलाच मिळालेली दिसतेय. बरोबरच आहे."

मी रेडिओ बंद केला. मग परत लावला. आमचं फिटलं.

पण तळघरात उतरताना रोज वरून डॉक्टरचा चहा भुरकल्याचा आवाज येतो. त्याचं फिटलेलं नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

आज तो स्वतः खाली आला. हातात मापाचा ट्रे. म्हणाला, "आता माझाच नंबर लागला बघ. हलणारे सगळे काढून टाकतोय, पूर्ण कवळी. आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात तोंड देणार नाही हं मी. नीट जेवता आलं पाहिजे, एवढंच बघ. किती दिवस लागतील?"

माप अजून ओलं होतं. दोन्ही हातांनी घेतलं.

म्हटलं, "चार दिवसांचं तर काम आहे, सर."