न काढलेली पॉलिसी

आप्पा, काल विम्याची एजंट घरी येऊन गेली. विशीतली मुलगी, बोलायला चटपटीत. आईची आणि माझी पॉलिसी काढायची की नाही, हे मला उद्या तिला सांगायचं आहे. ती म्हणाली, “आईंचं वय आणि शुगर बघता प्रीमियम जास्त येणार, मॅडम. आणि शुगरमुळे काही झालं तर पहिली काही वर्षं क्लेम मिळणार नाही. पण घेऊन टाका, डोक्याला टेन्शन नको.” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “म्हणजे पैसे भरायचे आणि वर आजारीही पडायचं नाही. उपास करायचा आणि बिल हॉटेलचं द्यायचं.” ती मुलगीसुद्धा हसली.

आठवड्यापूर्वी मी विचार न करता हो म्हटलं असतं. तुमच्या आजारपणानं मला एकच गोष्ट शिकवली होती, की वेळ आली की माणसं येत नाहीत. तुम्ही मला नेमकं याच्या उलट शिकवलं होतं. तुर्भ्याच्या तुमच्या कंपनीत कुणी दवाखान्यात असलं की पगाराच्या दिवशी गेटवरच्या टेबलावर रुमाल अंथरला जायचा, आणि तो तुम्ही अंथरायचात. कोण किती टाकतो हे दिसू नये म्हणून सगळे रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे. शाळा सुटल्यावर मी तिथं येऊन थांबायचे, तेव्हा मलाही तुम्ही खांद्याला धरून ट्रकांकडे वळवलं होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसायच्या पाळ्या तुम्हीच लावायचात, आणि ज्याला जमणार नाही त्याची पाळी स्वतःकडे घ्यायचात.

तुम्ही निवृत्त झालात तेव्हा मी पॉलिसीचा फॉर्म घेऊन आले. तुम्ही ओट्याजवळ उभे राहून चहा पीत होतात. फॉर्म न वाचताच त्यावर कप ठेवलात. “आजारपणावर पैज लावणारे लोक हे. मी जन्मभर माणसं जोडली, ती काय फुकट?” मी म्हणाले, माणसं बिल भरत नाहीत. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत, फक्त म्हणालात, “तू नोकरीला लागलीस तेव्हापासून फार हिशेबी झालीस.” ते मला अजून लागतं.

मग तुम्ही खरंच आजारी पडलात आणि कुणी आलं नाही. आई आणि मी आयसीयूच्या बाहेर त्या निळ्या खुर्च्यांवर बसलेलो आहोत, लिफ्टचं दार उघडतं, आम्ही दोघी एकदमच मान वर करतो, आणि बाहेर पडतं ते दुसऱ्याच कुणाचं माणूस. करंजाड्याच्या घराचं बुकिंग मी रद्द केलं, ते पैसे दवाखान्यात गेले. त्याचं दुःख नव्हतं. तुमच्यासाठीच वाईट वाटायचं. एकदा तुम्हाला जरा बरं वाटत होतं तेव्हा मी न राहवून विचारलं, “तुमचे लोक कुठे आहेत?” तुम्ही डोळे मिटून म्हणालात, “लोकांना कामं असतात गं.” तुमच्या तेराव्याला ते सगळे आले. मी कुणाशी बोलले नाही.

परवा जुईनगर स्टेशनबाहेर भाजी घेताना तुमच्या कंपनीतले फिटरकाका भेटले, ते खाडीकडच्या गावातले. मला टाळून जायचं होतं, पण त्यांनीच हाक मारली. बोलता बोलता माझ्या तोंडून निघून गेलं, “काका, तुम्ही कुणी साधं बघायलाही आला नाहीत.” काकांनी पिशवी खाली ठेवली. “आमी आलेलो पोरी. सगली जना खाली दवाखान्याच्या गेटवर उभी होतो. वर येनार तर तुज्या बापाचाच फोन आला. बोलला, पोरीनं पॉलिसी काढलीय, सगला कॅशलेस हाय, तुमी येव नको. रुमाल आनलेला, तो तसाच परत नेला.” मग म्हणाले, “तेराव्याला तू तोंड फिरवलास, आमाला वाटला दुःखात हाय.”

आप्पा, तुम्ही त्यांच्याशी खोटं बोललात आणि मला त्या खोट्यात एकटीला बसवलंत. मी लिफ्टकडे बघत होते हे तुम्हाला ठाऊक होतं. चांगल्या माणसांचा मी इतकी वर्षं राग केला, आणि तुम्ही तो करू दिलात. दुसऱ्यासाठी हात पसरताना तुमची मान ताठ असायची. स्वतःवर वेळ आली तेव्हा तुम्हाला माणसं नको झाली, आणि जी पॉलिसी कपाखाली ठेवलीत तीच लपायला कामी आली. माणसांवर तुमचा विश्वास होता, की फक्त त्यांना देण्यावर? कदाचित मी अन्याय करते आहे. आजारपणात माणूस काय विचार करतो, मला काय माहीत. पण फोन करण्याइतके तर तुम्ही शुद्धीत होतात.

खरं तर आता मला पॉलिसी नको म्हणायला हवं. माणसं येतात, हे आता कळलंय. काका म्हणालेसुद्धा, “आईला काय झाला तं फोन कर.” मी नंबर घेतला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. उद्या मी सही करणार आहे. आईला सांगेन, खर्चाची काळजी नको म्हणून. तुम्हाला खरं सांगते: काकांना तो फोन मला कधी करावा लागू नये, म्हणून.