खिडकीतून वर आलेल्या हाताबद्दल आणि माझ्या लोहारशाळेबद्दल

मी, एल्विन ट्रेमबाथ, वय एक्याऐंशी, धंदा लोहारकी, राहणार वॅरागुली, दक्षिण ऑस्ट्रेलिया, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मंगळवारपासून झोप नाही, पण ते वेगळं. शाळा सातवीपर्यंतच झाली, चुका समजून घ्याव्यात.

१. आधीचं मृत्युपत्र रद्द. त्यात लोहारशाळा गावच्या वारसा मंडळाला दिली होती, आणि इस्टेटीची व्यवस्था मंडळाचा अध्यक्ष डेस कर्नो याच्याकडे. देणाराही तोच, घेणाराही तोच, हे मला तेव्हा दिसलंच नाही.

२. आता दिसलं, ते असं. गावच्या बेकरीवाल्या बेरिलने मरताना तिची जुनी बेकरी मंडळाला दिली, भट्टी जपा म्हणून. मंगळवारी मंडळाच्या सभेत ती विकायचा ठराव आला. घेणारा डेसचा मेव्हणा. आमची रीत अशी, की ज्याचा संबंध असेल त्याने मतदानाला उठून स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवायचा. डेस गेला. मतं समसमान पडली. तेवढ्यात कपबशा द्यायच्या खिडकीतून त्याचा हात वर आला, पुसायच्या फडक्यासकट.

"अरे, तू बाहेर आहेस ना?" मी ओरडलो.

"बाहेरच आहे की! आत फक्त हात आहे. साखर किती, एल्विन?"

सगळे हसले. ठराव पास. आणि मी, मूर्ख, "दोन" म्हणालो.

३. लोहारशाळा, ऐरण आणि भाता मंडळाला मिळेल, पण आधी नियमात लिहावं: ज्याचा किंवा ज्याच्या नातलगाचा फायदा आहे, त्याने ते सुरुवातीलाच सांगावं आणि निकाल लागेपर्यंत रस्त्यावर उभं राहावं. स्वयंपाकघर म्हणजे बाहेर नव्हे. तीन वर्षांनी अध्यक्ष बदलावा, कोणी तयार नसलं तरी. माझ्यामागे वर्षभरात हे झालं नाही, तर सगळं भाची नोरीनला.

४. डेसला माझे मासे धरायचे गळ. होडी नाही, होडी तो मेव्हण्याला देईल.

नोरीन म्हणते, "मामा, एवढा राग?" राग नाही गं. भीती आहे. मी गेल्यावर ओरडणार कोण?

साक्षीदार दोघं, मंडळात ज्यांचं कोणी नाही असे शोधायला पाच दिवस गेले. साक्षीची सही करायला नोरीनच पेन घेऊन बसली होती. तिला फाटकाबाहेर पाठवलं.

"मामा, मी तर घरचीच ना!"

"म्हणूनच."

सही: एल्विन ट्रेमबाथ
साक्षीदार: लिगाया सांतोस, नर्स; बार्ट हाइनरिख, टपालगाडीवाला
वॅरागुली, १९ ऑगस्ट २०१९