सिद्धू निघाली नार्विकला

सोलापूर,
१८ जानेवारी २०२५

ती. अण्णांस,
धाकट्या बहिणीचा, सिद्धूचा पायांवर डोकं ठेवून शरणार्थी नमस्कार. वि. वि.

तुमच्या कानांनी फोनशी कट्टी केली आणि आपली पत्रं सुरू झाली, ते एका अर्थी बरंच झालं. आज जे सांगायचं आहे ते फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मधेच ओरडला असता. आता शेवटपर्यंत वाचावंच लागेल. तरी आधी बसून घ्या, आणि शांतम्मा वहिनींना पाण्याचा तांब्या घेऊन जवळ बसवा.

अण्णा, मी फिरायला निघाले आहे. आगगाडीनं. एकटी. तुर्कस्तानच्या पार पूर्वेला कार्स नावाचं गाव आहे. तिथवर विमानानं जायचं आणि तिथून जी रेल्वे धरायची ती गाड्या बदलत बदलत नॉर्वेतल्या नार्विकपर्यंत. वाटेत अंकारा, इस्तंबूल, सोफिया, बुखारेस्ट, व्हिएन्ना, हॅम्बुर्ग, स्टॉकहोम. इस्तंबूलला गाडी समुद्राच्या खालून जाते. या तोंडाला आशिया, त्या तोंडाला युरोप! नार्विकला रूळ संपतात. जूनमध्ये तिथे सूर्य मावळतच नाही म्हणे. सोलापूरच्या उन्हात साठ वर्षं भाजून निघाले, आता रात्रीचं ऊन तेवढं बघायचं राहिलंय.

उभा जन्म मी लोकांच्या प्रवासाला कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. माझी चटणी अमेरिकेला जाऊन आली, आणि मी बार्शी-अक्कलकोटच्या पुढे गेले नाही. आता धंदा संगमेश आणि सूनबाई बघतात. संगमेश म्हणाला, आई, जायचंच तर ग्रुपबरोबर जा की. मी त्याला म्हटलं, बाळा, ग्रुपमध्ये गेले तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना वाढत बसेन.

तुमच्या होकाराशिवाय पाऊल उचलवणार नाही. रागवा, पण लवकर रागवा.

तुमची,
सिद्धू


वैराग,
२७ जानेवारी २०२५

चि. सिद्धूस,
अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

पत्र पोचले. पाणी प्यालो. पुन्हा वाचले, पुन्हा प्यालो.

तुझी अक्कल गहाण पडली आहे काय? बार्शीच्या एसटी स्टँडवर तू चुकीच्या गाडीत बसून थेट भूमला गेली होतीस, तेव्हा तुझा शोध घ्यायला मीच आलो होतो. परदेशात तुला कोण शोधणार? भाषा कोणती बोलणार? सूर्य मावळत नाही म्हणतेस, मग सायंपूजा कधी करायची? बाजारातल्या आडतीवरचे उदयसिंह सांगत होते की त्या मुलखात थंडीने दात वाजतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही.

मी काही दुष्ट माणूस नाही. एक अट घालतो. आधी आपल्याच देशात अशा ठिकाणी एकटी रेल्वेने जाऊन ये, जिथे ना मराठी चालते ना कन्नड. धड परत आलीस तर विचार करीन. फक्त विचार.

ता. क. नातवाचा नकाशा सहज उघडला होता. बुखारेस्टच्या पुढे तपकिरी रंग आहे, म्हणजे डोंगर असणार. खिडकीची जागा मिळते का? सहज विचारतो.

वहिनीचा आशीर्वाद. ती नकाशा बघत बसली आहे.

शरणबसव


सोलापूर,
९ मार्च २०२५

ती. अण्णांस,
सिद्धूचा आसामाहून परतून शरणार्थी. वि. वि.

दिब्रुगडला जाऊन आले! धड परत आले का, ते तुम्ही ठरवा. जे झालं ते सगळं लिहिते.

जाताना आसामात एका लहानशा स्टेशनावर गाडी थांबली. मी चहा घ्यायला उतरले. समोरच्या बाईंनी खुणेनं नको नको केलं होतं, पण मला वाटलं त्यांना साखर वर्ज्य असेल. चहाचा पहिला घोट घेतला आणि गाडी हलली. अण्णा, मी धावले. साडी, चपला, हातात चहा! डबा पुढे, मी मागे. मग डबाही दिसेना. पिशवी, फोन, बाकीचे पैसे सगळं गाडीत.

फलाटावर अननस विकणाऱ्या बायका होत्या, त्यांनी मला आपल्या पोत्यावर बसवलं. मी मराठीत रडत होते, त्या आसामीत समजूत घालत होत्या, आणि एकमेकींचं एकमेकींना कळत होतं. स्टेशनमास्तरांनी पुढच्या जंक्शनला फोन करून माझी पिशवी उतरवून घेतली, आणि मागून येणाऱ्या पॅसेंजरमध्ये मला बसवून दिलं. निघताना बायकांनी ओच्यात अननस घातला. त्यांना द्यायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून एकीला कडकडून मिठी मारली.

खरं सांगू? पॅसेंजर यायची होती तेव्हा मनात आलं की मी या घडीला कुठे आहे हे आपल्यातल्या कुणालाच ठाऊक नाही. भीती वाटायला हवी होती. मला हसू आलं. लई हसू आलं. मग त्या बायकाही हसायला लागल्या.

हे वाचून तुम्ही नाही म्हणाल. म्हणा. पण मी काही लपवायचं नाही असं ठरवलं होतं.

धडधडत्या काळजाची,
सिद्धू


वैराग,
१६ मार्च २०२५

चि. सिद्धूस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि.

पत्र वाचून आधी त्या गाडीच्या ड्रायव्हरवर संतापलो. मग तू हातात चहा घेऊन धावतेस ते डोळ्यांसमोर आले आणि मला ठसका लागेपर्यंत हसू आले. आडतीवर वाचून दाखवले. उदयसिंहांनी पुन्हा वाचायला लावले. मडिवाळप्पा हमाल विचारत होता की चहा सांडला की नाही. लिहून कळव.

जा. बिनघोर जा. गाडी सुटली तरी जी हसते, तिला बुखारेस्टमध्ये काय होणार आहे?

एकच मागणे. बाकीच्यांना तुझा आवाज फोनवर मिळेल. मला मिळणार नाही. तू गेलीस की माझ्यासाठी तू अगदी गप्प होशील, हेच मला सोसत नव्हते. उगाच सायंपूजेचे निमित्त केले. तेव्हा गाडी बदलशील तिथून कार्ड टाक. चार ओळी पुरेत.

तुझा,
अण्णा


सोलापूर,
११ मे २०२५

ती. अण्णा आणि वहिनींस,
सिद्धूचा उडत उडत नमस्कार. वि. वि.

व्हिसा मिळाला! खिडकीतल्या मुलीनं विचारलं, तिकडे कुणाला भेटायला चाललात. म्हटलं, कुणालाच नाही. तिनं चष्मा वर करून विचारलं, मग कशासाठी. मी म्हटलं, गाडीत बसायला. ती हसली, आणि हळूच म्हणाली की तिलाही कधीतरी असंच जायचंय.

चहा सांडला नव्हता, मडिवाळप्पाला सांगा. पुढच्या आठवड्यात निघते. कार्डं नक्की टाकीन.

जमिनीवर पाय नसलेली,
सिद्धू


वैराग,
१४ मे २०२५

चि. सिद्धूस,
शांतम्मा वहिनीचा आशीर्वाद.

तुझ्या अण्णांच्या पाकिटात न घालता हे वेगळं टाकतीय. एकटी असशील तवाच वाच.

म्या पासपोर्ट काढलाय.

डोळं तपासायला बार्शीला जाते म्हनून सांगितलं आन् सोलापूरला आले. तुझ्या गल्लीवरनं गेले तवा चटणीचा वास आला, पर पदर तोंडावर घेऊन तशीच पुढं सटकले. माफ कर. मग चौकशीला पोलीस घरी आला. हे सोप्यात बसलेले, आन् म्या दारात त्याच्यासंगं बोलतीय! ह्यांना कुटं काय ऐकू येतंय? कोन हाय म्हनून इचारलं, तर म्या वरडून सांगितलं, मीटर बघायला आलाय. ह्यांनी त्याला च्या पाजला.

मागच्या आठवड्यात पासपोर्ट आला. तांदळाच्या डब्यात ठेवलाय. रोज काढून बघते. फोटूत म्या लई रागीट दिसते.

तुझ्यासंगं न्हाय यायचं, भिऊ नगंस. मला बी एकटीलाच जायचंय. त्यो सोलापूरचा एक दिस सोडला तर लग्न झाल्यापासनं गाडीत मी एकटी कवाच बसली न्हाय. संगं कोन न्हाय कोन, आन् मांडीवर डबा. कुटं जायचं ते अजून ठरंना. नेपाळ बघू वाटलं हुतं, पर तितं पासपोर्ट लागत न्हाय म्हनं, म्हनून सोडून दिलं. कुटं जायचंय असं मला आजपातूर कुनी इचारलंच न्हाय, तवा उत्तर लगेच सापडत न्हाय बघ. दुपारी हे झोपले की नकाशा पसरून बसते. काल बोट एका बेटावर गेलं. नाव वाचता येईना, पर रंग लई ग्वाड हुता.

लोभ ठेव, आन् तोंड बंद ठेव.

तुझी,
शांतम्मा वहिनी