राजाला तालीम कशाला?

१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार, सकाळी ११
कोर्स सुरू. ऑनलाइन, चार वीकेंड. पुण्याच्या मृणाली मॅडम शिकवतात. पहिलंच वाक्य लिहून घेतलं: आपल्याला अडवणारी भिंत आपल्याच डोक्यात असते. व्वा! पंचेचाळीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नाही.

होमवर्क: आपल्या लिमिटिंग बिलीफ्सची यादी, आणि त्या कुणी दिल्या ते. माझी एकच निघाली. मला चारचौघांत बोलता येत नाही. देणाऱ्या: परुळेकर बाई, इयत्ता सहावी, गॅदरिंग. मी सेनापती होतो. 'महाराज' म्हणून जो थांबलो तो पडदा पडेपर्यंत. सातवीत बाईंनी मला झाड केलं.

बायकोची यादीही मीच करून दिली. पूर्णिमाच्या अकरा निघाल्या. तिने मागितली नव्हती.

१२ ऑक्टोबर, रविवार
संधी चालून आली! इथे आखातात आमचं मराठी मंडळ आहे, त्याच्या दिवाळी स्नेहसंमेलनात यंदा दशावतार. १४ नोव्हेंबर. नाट्यविभाग बाळाजीकाकांकडे, वीस वर्षं दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. ते राजपार्ट पांडुरंगला देणार होते. पांडुरंग म्हणजे आमच्या कंपनीच्या पिकअपचा ड्रायव्हर. मी स्टोअर इन्चार्ज. बिचाऱ्यावर केवढं प्रेशर येईल! पार शहराबाहेर बुदैयाला काकांच्या घरी जाऊन पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाले, घे बाबा तूच, पण आता मला जेवू दे.

पांडुरंगला राक्षस. बरं साहेब, म्हणाला. सुटल्यासारखं वाटलं असणार.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
कमाल आहे! दशावतारात संहिताच नसते. आख्यान तेवढं सांगतात, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. मी मूळचा कुडाळचा, पण आठवीपासून ठाण्यात, मला काय माहीत? पाठांतरच नाही तर विसरणार काय, कपाळ?

तरी काकांनी दर शुक्रवारी तालीम ठेवलीय. मॅडमना मेसेज केला. उत्तर आलं, स्वतःवर विश्वास ठेवा. म्हणजे तालीम नको. (तालमीचं मी नेमकं विचारलं नव्हतं. पण अर्थ तोच.)

२२ ऑक्टोबर, पाडवा
श्रेयाने शाळेच्या डिबेटमधून नाव काढून घेतलं. नववीत आहे पोरगी. आय फ्रीझ, बाबा, म्हणाली. तिला पूर्ण तास दिला. भीती ही फक्त समजूत असते, आपल्या घराण्यात कुणी फ्रीझ होत नाही, असं ठासून सांगितलं. परुळेकर बाईंचा विषय टाळला.

डील झालं. १४ ला तिने समोर बसून मला बघायचं. मी न थांबता बोललो तर तिने पुन्हा नाव द्यायचं. शेवटची तारीख १६. आणि थांबलास तर, असं तिने इंग्लिशमध्ये विचारलं. म्हटलं, तो प्रश्नच येत नाही.

पूर्णिमा म्हणाली, मग निदान तालमीला तरी जा. अकराच्या बारा झाल्या.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
रोज आरशासमोर एकवीस वेळा: मी समर्थ आहे. मी पुरेसा आहे. माझा आवाज जगाला हवा आहे. शेजारच्या ग्लोरियाने पूर्णिमाला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.
तालमीला गेलो नाही. सर्दी. (थोडी.)

७ नोव्हेंबर, शुक्रवार
तालमीला गेलो. फक्त इतरांना सपोर्ट म्हणून.

पांडुरंग सिंहासन म्हणून मांडलेल्या बाकड्यावर पाय ठेवून दहा मिनिटं असा काही बोलला की पखवाजवाल्याचा हातच थांबला. वडील दशावतारात होते म्हणे, हा लहानपणापासून पडद्यामागे. म्हणजे सगळी सवय! माझं जे येईल ते ओरिजिनल असेल. माझी पाळी आली तेव्हा घसा जपला.

येताना पिकअपमध्ये त्याने विचारलं, साहेब, दोनचार वाक्यं बसवूया का? म्हटलं, पांडुरंग, तुझ्यात भीती फार खोल बसलीय रे. तो म्हणाला, होय साहेब. मला जुफैरला घरी सोडून तो अरादला आपल्या खोलीवर गेला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी ३
सकाळपासून पाच वेळा टॉयलेट. मॅडमच्या स्लाइडवर आहे, भीती आणि एक्साइटमेंट शरीराला सारखीच वाटते. ही एक्साइटमेंट.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार, संध्याकाळी ५.४०
ग्रीनरूम. मुकुट जड आहे. आख्यान एकदम सोपं: राजा यज्ञ मांडतो, राक्षस मोडायला येतो, राजा त्याला आव्हान देतो. आव्हान देताना नेमकं काय म्हणतात ते अजून सुचलेलं नाही. सुचेल. इंशाल्ला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अडीचशे माणसं. तिसऱ्या रांगेत श्रेया. राक्षसाने गरजून विचारलं, राजा, हा यज्ञ कुणाच्या बळावर मांडलास? मी म्हटलं, मी समर्थ आहे. एक टाळी आली. मग म्हटलं, मी पुरेसा आहे. मग, माझा आवाज जगाला हवा आहे. मग पुन्हा पहिल्यापासून. असं चारदा, श्रेयाने मोजलं. पांडुरंगने शुद्ध भाषा सोडली आणि थेट मालवणीत विचारलं, समर्थ आसस तर बाकडा कित्याक धरून ठेवलंस? हॉल नुसता फुटला. मी खरंच बाकडं धरलं होतं.

मग आवाजच गेला. परुळेकर बाई दिसायला लागल्या. पांडुरंग जवळ आला, खांद्यावर तलवार टेकवून कानात म्हणाला, साहेब, खरा काय ता बोला. मी म्हटलं, मला भीती वाटते रे.
हळूच म्हटलं होतं. कॉलरला माइक होता.

राक्षसाने तलवार खाली ठेवली. म्हणाला, आजवर इतके राजे बघितले, भीती वाटते म्हणणारा हा पहिलाच. असल्याला मारून मला काय मिळणार? आणि गेला निघून! आख्यान खलास, पस्तीस मिनिटं आधी. टाळ्या थांबेनात, पण पुलाव तयार नव्हता. केटरर काकांवर ओरडला, काका माझ्यावर.

१६ नोव्हेंबर, रविवार
काकांचा फोन. पुढच्या वर्षी सुरुवातीचा गणपती मी करायचा. मुखवटा असतो, बोलायचं नसतं. म्हणजे खेळ माझ्यापासूनच सुरू होणार! झाडापेक्षा केव्हाही वर.

श्रेयाने सकाळी डिबेटला नाव दिलं. म्हटलं, अगं पण मी थांबलो होतो ना. ती म्हणाली, हो, फ्रीझ झालास, तसं सगळ्यांसमोर बोललास, आणि तरी काही मेला नाहीस.

म्हणजे तिला वाटतंय, मी खरंच घाबरलो होतो. तो अभिनय होता हे सांगायला तिच्या दारापर्यंत गेलो. आत तिची तालीम चालली होती. पहिलंच वाक्य, मला थोडी भीती वाटतेय. तसाच परत आलो.

संध्याकाळी पांडुरंगला फोन केला. म्हटलं, येत्या शुक्रवारपासून दोनचार वाक्यं बसवूया.
तो म्हणाला, साहेब, गणपतीला वाक्यं नसतात.